सदस्यत्वाआधीचा करार: युरोपीय संघाच्या उंबरठ्यावर देश कसे तयार होतात

१ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया युरोपीय संघाचा अठ्ठाविसावा सदस्य झाला. बातमी एका दिवसाची होती, पण तिच्यामागे जवळजवळ बारा वर्षांचं काम होतं. त्या कामाची सुरुवात २९ ऑक्टोबर २००१ रोजी लक्झेंबर्गमध्ये झालेल्या एका सहीने झाली. ज्या कागदावर ती सही झाली त्याचं नाव ‘स्थिरीकरण आणि सहयोग करार’. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एसएए म्हणतात. नाव जड आहे आणि मजकूर त्याहून जड. पण गेल्या पंचवीस वर्षांत बाल्कन प्रदेशातल्या देशांचे कायदे, बाजार, न्यायालयं, एवढंच काय एका देशाचं नावसुद्धा ज्या प्रक्रियेत बदललं, तिचा पाया हाच करार आहे.

या कराराची कलमं मुळात चांगली आहेत, असं माझं मत आहे. मात्र ती कलमं आपल्या बळावर चालत नाहीत. ‘हे सगळं केलंत तर तुम्हाला आत घेऊ’ या शब्दावर ती चालतात. तो शब्द पाळला गेला तिथे देश खरोखर बदलले. जिथे तो पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला, तिथे दुबळ्या बाजूने किंमत आधी मोजली आणि पदरात फारसं काही पडलं नाही. हे का होतं ते समजण्यासाठी करारात काय असतं ते आधी पाहू.

भारतही व्यापार करार करतो. संयुक्त अरब अमिरातींबरोबरचा करार फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यापासून लागू झाला. त्यात कोणत्या वस्तूवर किती आयात शुल्क, कोणत्या सेवा खुल्या, हे ठरतं. अमिरातींच्या कंपनी कायद्यासारखा कायदा भारताने करावा, असं त्यात कोणी म्हणत नाही. दोन्ही देश आपापल्या घरी आपापल्या नियमांनी राहतात.

युरोपीय संघात शिरायला निघालेल्या देशाचं तसं नसतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हा फरक चटकन कळेल. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले, म्हणून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले आणि शेतकरी व निर्यातदार दोघेही हवालदिल झाले. युरोपला माल पाठवायचा तर कोणतं औषध फवारायचं, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, कोणत्या प्रयोगशाळेचा दाखला हवा, हे सगळं काटेकोर पाळावं लागतं. पण ती शिस्त युरोपला जाणाऱ्या मालापुरती. तोच बागायतदार नागपूरच्या बाजारात द्राक्षं पाठवतो तेव्हा त्याला भारताचा कायदा लागू होतो. अल्बेनियाच्या किंवा सर्बियाच्या शेतकऱ्याला अशी मुभा कायमची राहत नाही. त्याच्या देशाने युरोपचे नियम हळूहळू स्वतःच्या संसदेत कायदा म्हणून मंजूर करायचे असतात. मग अल्बेनियाची राजधानी तिरानाच्या भाजीबाजारात विकल्या जाणाऱ्या टोमॅटोलाही तेच लागू. ही तयारी कोणत्या क्रमाने, किती वर्षांत आणि कोणाच्या देखरेखीखाली करायची, ते सदस्यत्वाआधीच्या करारात लिहिलेलं असतं.

अशा करारांची परंपरा जुनी आहे. १९५७ च्या रोम कराराने सहा देशांचा युरोपीय आर्थिक समुदाय उभा राहिला आणि चारच वर्षांत, १९६१ मध्ये, त्याने ग्रीसबरोबर पहिला सहयोग करार केला. १९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली तेव्हा समुदायाने तो करार गोठवला. लोकशाही परतल्यावर गाडं पुन्हा सुरू झालं आणि १९८१ मध्ये ग्रीस सदस्य झाला. तुर्कस्तानबरोबरचा अंकारा करार १२ सप्टेंबर १९६३ चा. त्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की तुर्कस्तान सगळी बंधनं स्वीकारू शकेल अशी स्थिती आली की सदस्यत्वाच्या शक्यतेचा विचार केला जाईल. त्याला साठ वर्षं उलटून गेली आहेत. तुर्कस्तानकडे मी पुढे येतो.

बर्लिनची भिंत पडल्यावर पोलंड, हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाबरोबर डिसेंबर १९९१ मध्ये जे करार झाले त्यांना ‘युरोप करार’ म्हणतात. पुढे रोमानिया, बल्गेरिया, तीन बाल्टिक देश आणि स्लोव्हेनियाही त्या यादीत आले. या करारांत सदस्यत्वाचं वचन नव्हतं. सदस्य होणं हे त्या देशांचं अंतिम उद्दिष्ट आहे, अशी नोंद तेवढी होती. वचन आलं ते जून १९९३ मध्ये कोपनहेगनच्या शिखर बैठकीत, आणि त्याबरोबर अटीही आल्या. लोकशाही, कायद्याचं राज्य, मानवी हक्क आणि अल्पसंख्याकांचं संरक्षण यांची हमी देणाऱ्या भक्कम संस्था हव्यात. चालती-बोलती बाजार अर्थव्यवस्था हवी आणि तिला संघातल्या स्पर्धेत टिकता यायला हवं. सदस्यत्वाची सगळी बंधनं पेलण्याची कुवत हवी. आजही प्रत्येक अर्जदार याच निकषांवर तोलला जातो. १ मे २००४ रोजी एकाच दिवशी दहा देश आत आले, त्यांपैकी आठ युरोप करारांच्या वाटेने आलेले होते. २००७ मध्ये रोमानिया आणि बल्गेरियाही आले. म्हणजे युरोप करार केलेले सगळे दहा देश अखेर सदस्य झाले.

बाल्कनमध्ये मात्र परिस्थिती वेगळी होती. नव्वदच्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला, क्रोएशिया, बोस्निया आणि कोसोव्होत युद्धं झाली, स्रेब्रेनिकात १९९५ च्या जुलैमध्ये सुमारे आठ हजार बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांबरोबर निव्वळ व्यापाराचा करार करून भागणार नव्हतं. म्हणून १९९९ मध्ये नवी प्रक्रिया आखली गेली आणि कराराच्या नावात ‘सहयोग’ या शब्दाआधी ‘स्थिरीकरण’ हा शब्द आला. जून २००३ मध्ये ग्रीसमधल्या थेसालोनिकी इथल्या शिखर बैठकीत संघाने जाहीर केलं की पश्चिम बाल्कनचं भवितव्य युरोपीय संघात आहे. त्या वाक्याचा हवाला बाल्कनमधले नेते आजही देतात.

या कराराचे दहा भाग असतात: सर्वसाधारण तत्त्वं, राजकीय संवाद, शेजाऱ्यांशी सहकार्य, मालाची मुक्त वाहतूक, कामगार-सेवा-भांडवल, कायद्यांची जुळवणी, न्याय व सुरक्षा, विविध धोरणांतलं सहकार्य, आर्थिक मदत आणि शेवटी संस्थात्मक तरतुदी. सगळे भाग सारख्या वजनाचे नाहीत. सामान्य माणसाच्या आयुष्यावर परिणाम करणारे तीन आहेत: माल, कायदे आणि शेजारी.

मालाचं गणित मुद्दाम एका बाजूला झुकतं ठेवलेलं असतं. संघाने २००० सालीच बाल्कनमधून येणाऱ्या बहुतेक सगळ्या मालावरचं शुल्क काढून टाकलं. साखर, वाइन, मासे आणि कोवळ्या जनावरांचं मांस अशा मोजक्या वस्तूंवर कोटा राहिला. उलट बाजूने मात्र बाल्कन देशाला आपलं शुल्क एकदम उतरवावं लागत नाही. मॅसिडोनिया आणि अल्बेनियाला दहा वर्षांची मुदत मिळाली, क्रोएशिया आणि सर्बियाला सहा, बोस्निया आणि माँटेनेग्रोला पाच. ज्या वस्तू तिथे बनतच नाहीत त्यांवरचं शुल्क पहिल्या दिवशी जातं, आणि ज्यांवर गावोगावची कुटुंबं जगतात, उदाहरणार्थ दूध, मांस, भाजीपाला, त्यांचं सगळ्यात शेवटी. काही शेतमालावर शुल्क तसंच राहू दिलं जातं.

कागदावर हे उदार दिसतं आणि बऱ्याच अंशी ते उदार आहेही. पण शुल्क शून्य झालं म्हणून माल सीमेपलीकडे जातोच असं नाही. दूध युरोपात पाठवायचं तर गोठ्यापासून शीतकरण केंद्रापर्यंत, दुग्धशाळेपासून टँकरपर्यंत सगळी साखळी प्रमाणित हवी, आणि तपासणारं सरकारी खातंही युरोपला मान्य हवं. बोस्नियाच्या दूध उत्पादकांना हे फार कडूपणे कळलं. क्रोएशिया ही त्यांची जवळची बाजारपेठ. २००६ मध्ये झालेल्या मध्य युरोपीय मुक्त व्यापार करारात दोन्ही देश होते आणि सीमेपलीकडे दूध सहज जात असे. १ जुलै २०१३ रोजी क्रोएशिया संघात गेला, त्या कराराबाहेर पडला, आणि त्याची सीमा ही युरोपीय संघाची सीमा झाली. बोस्नियाची तपासणी यंत्रणा तोवर तयार नव्हती, त्यामुळे तिथलं दूध सीमेवर थांबलं. गाई त्याच, शेतकरी तेच, अंतर तेवढंच, पण शेजाऱ्याचा दर्जा बदलला होता. केंद्र आणि प्रांतांच्या भांडणात बोस्नियाने तयारीला उशीर केला हे खरं आहे. तरी त्या उशिराचा भुर्दंड मंत्र्यांना नाही, दूध काढणाऱ्यांना बसला. अशा करारांची चर्चा टक्केवारीत होते तेव्हा हे विसरलं जातं.

दुसरा भाग कायद्यांचा, आणि खरं दुखणं इथे सुरू होतं. युरोपीय संघाचा स्पर्धेचा नियम सांगतो की सरकारने तोट्यातल्या कारखान्याला मनाला येईल तसे पैसे देऊन बाजार बिघडवू नये. करारात सही करणारा देश हा नियम आपलासा करतो. क्रोएशियात हे गाठोडं जहाजबांधणीच्या गोद्यांवर येऊन पडलं. रिएका, पुला, स्प्लिट, त्रोगिर, क्राल्येवित्सा या किनाऱ्यावरच्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली जात होती आणि सरकार वर्षानुवर्षं तोटा भरून काढत होतं. वाटाघाटींत संघाची भूमिका ठाम होती: गोद्यांची पुनर्रचना करा, खासगी मालक शोधा, नाहीतर हा विषय बंद होणार नाही. स्पर्धेचं प्रकरण अगदी शेवटी, जून २०११ मध्ये मिटलं. पुढे क्राल्येवित्साची गोदी दिवाळखोरीत गेली, आणि पुलाची प्रसिद्ध उल्यानिक गोदीही २०१९ मध्ये दिवाळखोर झाली. हा सगळा दोष युरोपचा, असं मी म्हणणार नाही. कोरिया आणि चीनच्या स्पर्धेत त्या गोद्या आधीच हरत होत्या आणि त्यांच्या कारभारातही गोंधळ होता. पण करारामुळे सरकारच्या हातातलं एक साधन गेलं आणि त्याची झळ कामगारांच्या वस्त्यांना लागली. सदस्य होण्याची किंमत विचारायची तर ती पुलाच्या कामगारालाही विचारली पाहिजे.

तिसरा भाग शेजाऱ्यांचा. सही करणाऱ्या प्रत्येक देशाने प्रदेशातल्या इतर देशांशी व्यापार, सीमा, निर्वासितांची घरवापसी, युद्धगुन्हेगारांचा शोध या सगळ्यांत सहकार्य करायचं, अशी अट असते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाला साथ देणं ही त्यातली सगळ्यात कठीण अट.

सर्बियाची गोष्ट या एका अटीची आहे. सर्बियाने २९ एप्रिल २००८ रोजी, संसदीय निवडणुकीच्या तोंडावर, करारावर सही केली. पण असा करार पूर्ण लागू व्हायला संघातल्या प्रत्येक देशाच्या संसदेची मंजुरी लागते. ती यायला वर्षं जातात, म्हणून व्यापाराचा भाग बाजूला काढून त्याचा तात्पुरता करार करतात, कारण व्यापार हा संपूर्णपणे संघाच्या अखत्यारीतला विषय आहे. नेदरलँड्सने तोही अडवला. स्रेब्रेनिकाच्या हत्याकांडाचा आरोप असलेला, बोस्नियाच्या सर्ब सैन्याचा सेनापती रात्को म्लादिच मोकळा फिरत असताना पुढे जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. स्रेब्रेनिकात तेव्हा संयुक्त राष्ट्रांतर्फे डच सैनिकच तैनात होते, आणि ती जखम त्या देशाच्या मनात ताजी होती. सर्बियाने जानेवारी २००९ पासून आपल्या बाजूने शुल्क कमी करायला सुरुवात केली, समोरच्याची वाट न पाहता. २०१० मध्ये व्यापाराचा भाग लागू झाला, मे २०११ मध्ये म्लादिच पकडला गेला, आणि संपूर्ण करार १ सप्टेंबर २०१३ ला अमलात आला. सदस्यत्वाचं आमिष नसतं तर बेलग्रेडच्या कोणत्याही सरकारने म्लादिचला हेगला पाठवण्याची राजकीय किंमत मोजली असती का? मला तसं वाटत नाही. या कराराच्या बाजूने सांगण्यासारखा सगळ्यात मोठा मुद्दा मला हाच दिसतो.

बोस्नियात नेमकं उलटं झालं. तिथल्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षपदाच्या तीन जागा फक्त बोस्नियाक, सर्ब आणि क्रोआट यांच्यासाठी आहेत. रोमा समाजाचे देर्वो सेजदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिन्त्सी यांनी याविरुद्ध दाद मागितली, आणि डिसेंबर २००९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही तरतूद भेदभावाची ठरवली. घटना सुधारा, मग करार लागू करू, असं संघ वर्षानुवर्षं म्हणत राहिला. घटना सुधारली गेली नाही. शेवटी संघानेच अटींचा क्रम बदलला आणि जून २०१५ मध्ये करार लागू केला. घटनेतली ती तरतूद अजून तशीच आहे. व्यवहाराचा विचार केला तर संघाचा निर्णय समजू शकतो. पण न्यायालयात जिंकलेल्या माणसांना आपल्याच देशात राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहता येत नाही, हे विसरता कामा नये.

कोसोव्होसाठी तर कराराची रचनाच बदलावी लागली. स्पेन, ग्रीस, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि सायप्रस हे पाच सदस्य कोसोव्होला देश म्हणून मान्यता देत नाहीत, त्यामुळे सगळ्या संसदांची मंजुरी मिळणं अशक्य होतं. म्हणून २०१५ चा करार सदस्य देशांनी केला नाही, एकट्या संघाने केला. तो एप्रिल २०१६ पासून लागू आहे.

करार लागू झाला म्हणजे सदस्यत्व आलं असं मुळीच नाही. त्यानंतर अर्ज, मग उमेदवाराचा दर्जा, मग वाटाघाटी. या वाटाघाटी ३५ प्रकरणांत विभागलेल्या असतात: अन्नसुरक्षा, मासेमारी, न्यायव्यवस्था, पर्यावरण, सार्वजनिक खरेदी वगैरे. यात नियमांवर घासाघीस होत नाही, नियम आहे तसा घ्यायचा. बोलणी होतात ती एवढ्यावरच की तो कधीपर्यंत अमलात आणायचा आणि कुठे थोडी सवलत मिळू शकते. प्रत्येक प्रकरण उघडायला आणि बंद करायला सगळ्या सदस्य देशांची सहमती लागते. एक देश नाही म्हणाला की सगळं ठप्प.

हा नकाराधिकार माझ्या दृष्टीने साऱ्या व्यवस्थेतला सगळ्यात कच्चा दुवा आहे. तो कसा चालतो ते पाहायचं तर क्रोएशिया आणि मॅसिडोनिया शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २००१ साली करार दोघांनीही केला. मॅसिडोनियाने तर आधी केला, ९ एप्रिलला. बाल्कनमधला हा पहिला स्थिरीकरण आणि सहयोग करार.

क्रोएशियाचा मार्गही सरळ नव्हता. मार्च २००५ मध्ये सुरू व्हायच्या वाटाघाटी शेवटच्या क्षणी पुढे ढकलल्या गेल्या, कारण युद्धगुन्ह्यांचा आरोप असलेला क्रोएशियाचा जनरल आंते गोतोविना हेगला हवा होता आणि सापडत नव्हता. त्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्या. डिसेंबरात गोतोविना कॅनरी बेटांवर पकडला गेला. (२०१२ मध्ये अपिलात त्याची निर्दोष मुक्तता झाली.) मग स्लोव्हेनियाने पिरानच्या खाडीतल्या सागरी सीमेच्या वादावरून वाटाघाटी जवळपास वर्षभर अडवून ठेवल्या. तो वाद लवादाकडे सोपवण्यावर २००९ मध्ये तोडगा निघाला. दरम्यान क्रोएशियाने न्यायव्यवस्थेचं प्रकरण इतकं मनावर घेतलं की माजी पंतप्रधान इव्हो सानादेर यांनाच भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून डिसेंबर २०१० मध्ये ऑस्ट्रियात अटक झाली. जानेवारी २०१२ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांनी सदस्यत्वाला कौल दिला. आज तिथे युरो चलन आहे आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रातही, म्हणजे सीमेवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या देशांच्या गटातही, आहे.

मॅसिडोनियाला २००५ मध्येच उमेदवाराचा दर्जा मिळाला होता. २००९ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेने, वाटाघाटी सुरू करा अशी शिफारस केली. पण ग्रीसचा नावाला आक्षेप होता: मॅसिडोनिया हा आमच्या उत्तरेकडच्या प्रांताचा वारसा आहे, तुम्ही ते नाव घ्यायचं नाही. जवळपास दहा वर्षं देश तिथेच थांबला. जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराच्या काठी दोन्ही देशांत समझोता झाला. सप्टेंबरमधल्या सार्वमतात मतदान पुरेसं झालं नाही, तरी सरकारने पाऊल मागे घेतलं नाही. जानेवारी २०१९ मध्ये १२० जणांच्या संसदेत ८१ मतांनी घटनादुरुस्ती झाली आणि देशाचं नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’ झालं. स्वतःचं नाव बदलणं ही देशासाठी किती मोठी गोष्ट असते, ते महाराष्ट्र राज्याच्या नावासाठी लढलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, फ्रान्सने वाटाघाटी सुरू करायला नकार दिला. आधी प्रवेशाची पद्धतच सुधारली पाहिजे, असं कारण होतं. पद्धत २०२० मध्ये सुधारली, प्रकरणांचे सहा गट केले गेले. तेवढ्यात बल्गेरियाने नकार दिला, भाषा आणि इतिहासाच्या वादावरून. जुलै २०२२ मध्ये तडजोड झाली आणि बोलणी औपचारिकरीत्या सुरू झाली, पण नव्या अटीसह: बल्गेरियन समाजाचा उल्लेख राज्यघटनेत करायचा. त्यासाठी पुन्हा दोन तृतीयांश बहुमत हवं, आणि २०२४ मध्ये निवडून आलेलं सरकार त्याला तयार नाही. मॅसिडोनियाबरोबर एकाच जोडीत बांधलेल्या अल्बेनियाला ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळं करून पुढे जाऊ दिलं गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं. निकषांत कमी पडल्याबद्दल थांबवणं रास्त आहे. पण शेजाऱ्याशी असलेल्या इतिहासाच्या वादाचा कोपनहेगनच्या निकषांशी संबंध नाही, आणि एक वाद मिटवल्यावर दुसरा पुढे येणार असेल तर पुढच्या पंतप्रधानाने अवघड निर्णय का घ्यावा?

आता तुर्कस्तान. त्याने ३१ डिसेंबर १९९५ पासून युरोपशी सीमाशुल्क संघ केला आहे. मुक्त व्यापार करारात दोन देश एकमेकांच्या मालावरचं शुल्क काढतात, पण बाहेरच्या जगासाठी प्रत्येकाचं शुल्क वेगळं असू शकतं. सीमाशुल्क संघात बाहेरच्या जगासाठीचं शुल्कही एकच असतं. म्हणजे औद्योगिक मालावर किती आयात शुल्क लावायचं, ते तुर्कस्तान आता युरोपच्या दरानेच ठरवतो. युरोपने दक्षिण कोरियाशी मुक्त व्यापार केला की कोरियाचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात येऊ शकतो, पण तुर्कस्तानच्या मालाला कोरियात सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळी बोलणी करावी लागतात. सदस्य होईपर्यंतची काही वर्षं हे चाललं असतं. पण २००५ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटींत एकच प्रकरण तात्पुरतं बंद झालं, आणि २०१८ मध्ये संघाने त्या ठप्प झाल्याचं जाहीर केलं. अंकारातल्या सरकारने लोकशाहीची जी गळचेपी केली ती याला कारणीभूत आहेच. तरी निर्णयाच्या टेबलावर जागा नसताना निर्णय पाळावा लागणं, ही स्थिती तीस वर्षं टिकणं कोणत्याही स्वाभिमानी देशाला जड जाणारच.

सीमाशुल्क संघात असलेल्या देशाला बाहेरच्या कोणाशी स्वतःच्या मर्जीने मुक्त व्यापार करार करता येत नाही, आणि २०१३ मध्ये युक्रेनला नेमकं इथेच खेचलं गेलं. युरोपबरोबरचा सहयोग करार तयार होता, आणि त्यात मुक्त व्यापारही होता. रशियाला युक्रेन आपल्या सीमाशुल्क संघात हवा होता, आणि त्या उन्हाळ्यात रशियाने युक्रेनच्या मालाची सीमेवर अडवणूक सुरू केली. २१ नोव्हेंबरला अध्यक्ष व्हिक्टर यानुकोविच यांच्या सरकारने सहीची तयारी थांबवली. त्याच रात्री कीवच्या मैदान चौकात लोक जमू लागले. हजारो पानांचा व्यापारी मजकूर, शुल्काचे तक्ते आणि वनस्पती-आरोग्याची परिशिष्टं असलेल्या एका करारासाठी माणसं कडाक्याच्या थंडीत महिनोन्‌महिने उभी राहिली. त्यांपैकी शंभरच्या आसपास माणसं मारली गेली. लोकांना त्या तक्त्यांत रस नव्हता. लाच न देता न्याय मिळेल असा देश त्यांना हवा होता, आणि तो करार त्यांना त्या दिशेचा रस्ता वाटला. २०१४ मध्ये सह्या झाल्या. एप्रिल २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या सार्वमतात, जेमतेम ३२ टक्के मतदानात, कौल कराराविरुद्ध गेला. डच जनतेची समजूत काढण्यासाठी संघाने लिहून दिलं की हा करार युक्रेनला उमेदवाराचा दर्जा देत नाही. सहा वर्षांनी, रशियाचे रणगाडे आत शिरल्यावर, जून २०२२ मध्ये तोच दर्जा युक्रेनला आणि मोल्दोव्हाला चार महिन्यांत मिळाला. इच्छा असली की प्रक्रिया किती वेगाने हलते, ते बाल्कनमधल्या लोकांनी तेव्हा पाहिलं आणि त्यांना ते लागलं.

अलीकडे संघाने वाट पाहणाऱ्यांना काही फायदे सदस्यत्वाआधीच द्यायला सुरुवात केली आहे. पश्चिम बाल्कनसाठी २०२४ ते २०२७ या काळात सहा अब्ज युरोंची योजना आहे, दोन अब्ज अनुदान आणि चार अब्ज कर्ज. ठरलेल्या सुधारणा झाल्या की त्या त्या हप्त्याचे पैसे सुटतात. मला यातला सर्वांत उपयोगी भाग मात्र छोटा वाटतो: युरोमध्ये पैसे पाठवण्याच्या एकसमान व्यवस्थेत अल्बेनिया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया आणि सर्बियाला प्रवेश मिळाला आहे. या देशांतली लक्षावधी माणसं जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीत राबतात आणि घरी पैसे पाठवतात, त्यातला लचका आजवर बँका आणि दलालांच्या शुल्कात जात आला आहे. या व्यवस्थेत शिरायलाही त्या देशांना बँकिंग आणि काळ्या पैशाविरुद्धचे कायदे युरोपप्रमाणे करावे लागले. पण इथे कायदा बदलणं आणि त्याचा लाभ मिळणं यांत पिढीभराचं अंतर नाही, आणि सदस्यत्वाआधीच्या करारांची पुढची आवृत्ती याच धर्तीवर लिहिली जावी, असं मला मनापासून वाटतं. एक प्रकरण पूर्ण केलं की बाजाराचा तेवढा भाग लगेच खुला व्हावा, आणि त्यासाठी एखाद्या शेजारी देशाच्या इतिहासविषयक समाधानाची वाट पाहावी लागू नये.